‘दुखीची गोळी’ म्हणजे नेमकी कोणती?

घाटाखाली सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की गावातल्या किराणा दुकानात एका वस्तूची मागणी वाढते. दिवसभर वाकून कंबर धरलेली असते, गुडघे बोलत असतात. पण काम गुत्त्याने घेतलेले असल्यामुळे एक दिवस घरी बसणे परवडत नाही. मग दुकानावर जाऊन "एक दुखीची गोळी द्या" असे सांगितले जाते. दुकानदार पट्टीतली एक गोळी कात्रीने कापून देतो. ती घोटभर पाण्याबरोबर, कधी नुसत्या चहाबरोबर घेतली जाते आणि माणूस पुन्हा उन्हात जातो. पुढे पऱ्हाट्या उपटताना, कांदा काढताना, वीटभट्टीवर, हेच चालू राहते.

या सगळ्या व्यवहारात गोळी घेणाऱ्याला एक गोष्ट कळलेली नसते: ती गोळी कोणती होती. पट्टीचा जो तुकडा हाती येतो त्यावर नावाची दोन-चार अक्षरे असतात, किंवा तीही नसतात. "दुखीची गोळी" हे काही एका औषधाचे नाव नव्हे. त्या नावाखाली निदान दोन वेगळ्या घराण्यांतील औषधे विकली जातात. दोन्हींनी दुखणे कमी होते, दोन्हींनी ताप उतरतो. पण त्यांचा हिशेब शरीरात वेगवेगळ्या अवयवांच्या खात्यावर मांडला जातो. एकीचा मुख्यतः यकृताच्या, दुसरीचा जठराच्या आणि मूत्रपिंडाच्या. बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः पूर्णा नदीच्या खोऱ्यात, हा फरक परीक्षेपुरता राहत नाही.

दोन घराणी

पहिले घराणे म्हणजे पॅरासिटामॉल. अमेरिकेत यालाच अ‍ॅसिटअमिनोफेन म्हणतात. परदेशातून कोणी नातेवाईक औषधाची बाटली आणतात तेव्हा हे दुसरे नाव माहीत असलेले बरे. दुसऱ्या घराण्यात अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक आम्ल अशी बरीच भावंडे आहेत. ही औषधे वेदनेबरोबर सूजही कमी करतात, म्हणून त्यांना दाहशामक वेदनाशामके म्हणता येईल. पॅरासिटामॉल सूज फारशी कमी करत नाही.

दुसऱ्या घराण्याचे काम कसे चालते हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखवून दिले, आणि या विषयातील कामाबद्दल 1982 मध्ये त्यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात कोठे इजा झाली की तेथील पेशी प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये तयार करतात. या द्रव्यांमुळे त्या जागेच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते, रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते. प्रोस्टाग्लॅन्डिने तयार करणारे विकर म्हणजे सायक्लोऑक्सिजनेज. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन व त्यांची भावंडे या विकराचे काम अडवतात. द्रव्यच तयार झाले नाही की वेदनेचा जोर ओसरतो. पॅरासिटामॉलचा परिणाम मात्र प्रामुख्याने मेंदू व मज्जारज्जू येथे होतो.

येथपर्यंत सगळे सोपे आहे. अडचण अशी की प्रोस्टाग्लॅन्डिने केवळ दुखऱ्या गुडघ्यात तयार होत नाहीत. जठराच्या आतल्या अस्तरावर चिकट पदार्थाचा लेप राखण्याचे काम तीच करतात. म्हणून ही गोळी उपाशीपोटी वारंवार घेणाऱ्याला जळजळ होते, कधी व्रण होऊन रक्तस्रावही होतो. हे पुष्कळांना ठाऊक असते, आणि त्यासाठी गोळीबरोबर आम्लता कमी करणारी दुसरी गोळी घेण्याची चालही पडली आहे. ती दुसरी गोळी जठराला सांभाळते. मूत्रपिंडाला ती सांभाळू शकत नाही, आणि तेथे प्रोस्टाग्लॅन्डिनांकडे याहून नाजूक काम सोपवलेले असते.

मूत्रपिंड आणि ठिबक

दोन्ही मूत्रपिंडांतून मिळून दर मिनिटाला लिटरभराहून थोडे अधिक रक्त वाहते. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा हा सुमारे पाचवा हिस्सा झाला. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळले जाते आणि त्यातले बहुतेक सगळे परत रक्तात घेऊन दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर पडते. ही गाळणी दाबावर चालते. वर्गात हे समजावून देण्यासाठी ठिबक सिंचनाची उपमा चांगली लागू पडते. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, मुलांनी ठिबक पाहिलेले असते. नळीत दाब असेल तोवर थेंब पडतात. टाकीतले पाणी कमी झाले, दाब उतरला की टोकाकडची झाडे कोरडी राहतात.

आता अशी कल्पना करा की प्रत्येक गाळणीला पाणी आत येण्याच्या बाजूला एक व्हॉल्व्ह आहे आणि बाहेर जाण्याच्या बाजूला दुसरा. उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. पाणी पुरेसे प्यायले नाही तर रक्ताचे आकारमान घटते, म्हणजे टाकी खाली जाते. मेंदू आणि हृदय यांना रक्त कमी पडू नये म्हणून शरीर अशा वेळी इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या आवळते. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवरही हाच हुकूम निघतो. परंतु मूत्रपिंडातली प्रोस्टाग्लॅन्डिने त्याला अपवाद करतात: आत येणारा व्हॉल्व्ह ती उघडा धरून ठेवतात. त्याच वेळी अँजिओटेन्सिन नावाचे दुसरे द्रव्य बाहेर जाणारा व्हॉल्व्ह किंचित आवळते. परिणाम असा की टाकी अर्धी असूनही गाळणीतला दाब टिकतो. ही व्यवस्था इतकी सुरेख आहे की एरवी तिच्याकडे आपले लक्षही जात नाही.

ऑक्टोबरच्या दुपारी, अंगातले पाणी कमी झालेले असताना, डायक्लोफेनॅकची किंवा आयबुप्रोफेनची गोळी पोटात गेली की आत येणारा व्हॉल्व्ह उघडा धरणारा हात बाजूला होतो. गाळणी मंदावते. हीच गोळी सावलीत बसलेल्या, पोटभर पाणी प्यायलेल्या निरोगी तरुणाने घेतली असती तर मूत्रपिंडावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नसता, कारण त्याच्या बाबतीत प्रोस्टाग्लॅन्डिनांना व्हॉल्व्ह धरून ठेवण्याची वेळच आलेली नसते. गोळी तीच, मात्रा तीच. शरीराची स्थिती वेगळी. "मी कितीदा तरी घेतली आहे, काही झाले नाही" हे म्हणणे खरे असू शकते आणि तरीही पुढच्या वेळेची हमी देत नाही, ते यामुळे.

बहुतेक वेळा मंदावलेली गाळणी गोळी थांबवल्यावर आणि पाणी मिळाल्यावर पूर्ववत होते. धोका दोन प्रसंगी वाढतो. एक, हे रोजच्या रोज, महिनोन्‌महिने चालू राहिले तर. आणि दुसरा प्रसंग घरातल्या वडीलधाऱ्यांचा. उच्च रक्तदाबासाठी अनेकांना टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी गोळी चालू असते. ही औषधे अँजिओटेन्सिनचे काम अडवतात, म्हणजे बाहेर जाणारा व्हॉल्व्ह सैल करतात. तिच्यातच किंवा तिच्या जोडीला लघवी वाढवणारे औषध असते. ते टाकीतले पाणी कमी करते. ही दोन्ही औषधे योग्य कारणासाठी दिलेली असतात आणि ती मनाने बंद करू नयेत. पण त्यांवर आजोबांनी गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक चढवले की आतला व्हॉल्व्ह मिटतो, बाहेरचा सैल असतो आणि टाकी रिकामी होत असते. वैद्यकशास्त्रात या तिहेरी माराची स्वतंत्र नोंद आहे. शिवाय या घराण्याच्या गोळ्या शरीरात मीठ व पाणी साठवतात, त्यामुळे पायावर सूज येते आणि ज्या रक्तदाबासाठी औषध चालू आहे तोच वाढतो. जुलाब-उलट्या होत असताना तर ही गोळी घेऊच नये.

खारपाणपट्ट्यात

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात भूजल खारे आहे. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. आपल्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतील बरीच गावे त्यात येतात. या गावांतील मूत्रपिंडाच्या विकाराच्या रुग्णांविषयी वर्तमानपत्रांतून गेली अनेक वर्षे छापून येत आहे, आणि ज्याच्या घरातले माणूस डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठते त्याला ते वर्तमानपत्रातून कळण्याची गरज नाही. वान धरणाचे गोडे पाणी नळाने पुरवण्याची 140 गावांची योजना याच भागासाठी आखली गेली.

विकाराचे सगळे खापर विहिरीच्या पाण्यावर फोडण्याची सवय आपल्याला लागली आहे. क्षार हे एक संशयित कारण आहे, पण एकटे नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, उन्हातले कष्ट, फवारणीची रसायने आणि वेदनाशामके यांचा वाटा एकमेकांत मिसळलेला आहे. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतील एल साल्व्हाडोर व निकाराग्वा येथील ऊसतोड मजुरांच्या वस्त्या, अशा उष्ण प्रदेशांतील शेतकरी-मजुरांमध्ये मधुमेह किंवा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होताना आढळली आहेत. तेथेही एकच गुन्हेगार सापडलेला नाही. निकाराग्वातील उसाच्या फडांवर मजुरांना पाणी, विश्रांती आणि सावली ठरावीक वेळाने देण्यास सुरुवात केल्यावर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे आढळले आहे. तेथील अभ्यासांतही उन्हात काम करताना घेतलेल्या वेदनाशामकांकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते स्वाभाविक आहे.

आमचे म्हणणे इतकेच: या कारणांपैकी भूगर्भातले क्षार कोणा एका कुटुंबाच्या हातात नाहीत, गोळी मात्र आहे. आणि ज्या गावात मूत्रपिंडावर आधीच दोन-तीन ओझी आहेत तेथे चौथे ओझे बिनदिक्कत टाकता येत नाही.

मूत्रपिंडाचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते तक्रार करत नाही. रक्तातील क्रिएटिनिनची पातळी तपासून गाळणी कशी चालली आहे याचा अंदाज घेतात. परंतु गाळणीची जवळजवळ निम्मी क्षमता संपेपर्यंत ही पातळी नेहमीच्या मर्यादेत राहू शकते. नष्ट झालेल्या गाळण्या पुन्हा उगवत नाहीत. उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम उपसत राहतात, माणसाला बरे वाटत राहते. म्हणून ज्यांना सांधेदुखीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दीर्घकाळ गोळी घ्यावी लागते त्यांनी क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने यांची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी.

स्वीडनमधली एक जुनी गोष्ट

दक्षिण स्वीडनमध्ये हुस्क्वार्ना नावाचे कारखान्याचे गाव आहे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तेथील डॉ. योर्टन यांनी कामगारांना एक भुकटी दिली. तिच्यात फेनॅसिटिन, फेनाझोन आणि कॅफीन असे. साथ गेली, भुकटी राहिली. ती घेतली की अंग हलके होते, काम जास्त उरकते असा समज कामगारांत रूढ झाला. रोज पुड्या घेणे अंगवळणी पडले. वाढदिवसाला भुकटी भेट देण्यापर्यंत मजल गेली. दोन-तीन दशकांनी त्या गावात मूत्रपिंडाच्या विकाराने मरणाऱ्यांची संख्या वेगळी उठून दिसू लागली, आणि 1963 साली ग्रिमलुंड या डॉक्टरांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रेलियातही अशाच मिश्र भुकट्यांनी हेच घडवले होते. भारतात फेनॅसिटिनवर 1983 मध्ये बंदी आली.

यात रसायनशास्त्राचा एक गमतीचा धागा आहे. ब्रोडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस असे दाखवले की फेनॅसिटिन शरीरात गेल्यावर त्याचे बहुतांशी पॅरासिटामॉलच होते, आणि दुखणे थांबवण्याचे काम मुख्यतः तेच करते. मग सरळ पॅरासिटामॉलच का देऊ नये, या विचारातून हे जुने, बाजूला पडलेले रसायन 1950 च्या दशकात बाजारात आले.

हुस्क्वार्नाची भुकटी आज मिळत नाही. तिच्यामागचा हिशेब मात्र आपल्याकडे ओळखीचा आहे: दुखणे बरे करण्यासाठी नव्हे, तर दुखत असताना काम चालू ठेवण्यासाठी औषध. सांधेदुखीवर "रामबाण" म्हणून कागदात बांधून मिळणाऱ्या रंगीत गोळ्यांच्या पुड्या त्याच जातीच्या. अशा पुड्यांत डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक आणि जोडीला स्टेरॉइड मिसळलेले असते असे अनेकदा उघड झाले आहे. त्यावर नाव नाही, मात्रा नाही. गुण विलक्षण लवकर येतो, आणि म्हणूनच ती पुडी घेऊ नये.

पॅरासिटामॉलचा हिशेब

एवढे वाचल्यावर पॅरासिटामॉल हे निरुपद्रवी म्हणून सोडून द्यावेसे वाटेल. योग्य मात्रेत ते खरोखरच सुरक्षित आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनाही डॉक्टर दुखण्यासाठी प्रथम तेच सुचवतात. डेंग्यूचा संशय असताना तापासाठी तेच द्यायचे असते, कारण अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण त्याची सुरक्षितता एका शिलकीवर उभी आहे.

पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलपैकी सुमारे नव्वद टक्के भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर पाठवते. उरलेल्यातून एक विषारी, अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो. यकृतात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य साठवलेले असते. ते या पदार्थाला पकडून निष्प्रभ करते. ठरलेल्या मात्रेत ग्लुटाथायोन पुरून उरते. मात्रा ओलांडली की नेहमीचे मार्ग तुंबतात, विषारी पदार्थ जास्त तयार होतो, ग्लुटाथायोनची शिल्लक संपत येते, आणि मग यकृताच्या पेशी मरू लागतात. हा सारा उलगडा अमेरिकेत 1973 साली झाला. उपाशी राहिलेल्या, कुपोषित माणसाकडे शिल्लक मुळातच कमी असते. नियमित दारू पिणाऱ्याच्या यकृतात विषारी पदार्थ बनवणारे विकर वाढलेले असते, शिल्लकही कमी असते. त्याच्यासाठी मर्यादा खाली येते.

सामान्य प्रौढासाठी एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत कोणत्याही परिस्थितीत 4000 मिलिग्रॅमच्या वर नाही, असा हिशेब आहे. वजन पन्नास किलोहून कमी असेल, यकृताचा विकार किंवा दारूची सवय असेल तर ही कमाल मर्यादा आणखी खाली असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. आपल्याकडच्या शेतमजूर स्त्रियांपैकी पुष्कळजणींचे वजन पन्नासच्या आत असते, हे विसरून चालणार नाही.

हिशेब चुकतो तो बहुधा हावरेपणाने नव्हे, तर नावांमुळे. सकाळी ताप म्हणून 650 मिलिग्रॅमची गोळी घेतली. दुपारी सर्दी म्हणून सर्दीची गोळी घेतली. तिच्यात 325 किंवा 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतेच. रात्री अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची जोडगोळी. घेणाऱ्याच्या मते त्याने तीन निरनिराळी औषधे एकेकदा घेतली. यकृताच्या मते त्याने एकच औषध तीनदा घेतले, आणि मूत्रपिंडाला वेगळे काही मिळाले ते निराळेच. दुसऱ्या दिवशीही गुण नाही म्हणून प्रत्येकाची मात्रा दुप्पट केली की बेरीज कोठे जाते ते मुलांना फळ्यावर करायला लावावे.

लहान मुलांची गल्लत याहून गंभीर असते. मुलाची मात्रा वजनावर ठरते: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला 80 ते 120 मिलिग्रॅम झाले. पॅरासिटामॉलचे थेंब मिळतात त्यांच्या एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या बाटलीत मात्र पाच मिलिलिटरमध्ये 120, 125 किंवा 250 मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीतले औषध चमच्याने, पाच मिलिलिटर, पाजले तर त्या बाळाला एकदम 500 मिलिग्रॅम मिळतील, म्हणजे हव्या त्या मात्रेच्या चौपटीहून अधिक. म्हणून बाटलीबरोबर आलेले माप दुसऱ्या बाटलीला वापरायचे नाही, आणि स्वयंपाकघरातला चमचा तर कधीच नाही.

मात्रा जास्त गेल्याची शंका आली तर "बघू या, अजून तर बरा आहे" असे म्हणत थांबू नये. पहिला दिवस मळमळ सोडता बहुधा शांत जातो. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. ग्लुटाथायोनची शिल्लक भरून काढणारे अ‍ॅसिटिलसिस्टीन हे उतारा-औषध उपलब्ध आहे. पहिल्या आठ तासांत दिल्यास ते जवळजवळ खात्रीने वाचवते. उशिराही उपयोग होतो, पण कमी. औषधाची पट्टी किंवा बाटली बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठावे.

पट्टी वाचण्याचा तास

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. विद्यार्थ्यांना घरातल्या रिकाम्या पट्ट्या आणि खोकी आणायला सांगावे. गोळ्या नकोत, फक्त रिकामी वेष्टने. मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव झाकून टाकावे आणि "प्रत्येक गोळीत" या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी सुरू होणारी ओळ शोधावी. तेथे औषधाचे मूळ नाव, त्यापुढे आय.पी. म्हणजे भारतीय औषधसंहितेची खूण, आणि मिलिग्रॅम दिलेले असतात. मूळ नावांनुसार वेष्टनांचे ढीग करावेत. दहा निरनिराळ्या नावांची वेष्टने दोन-तीन ढिगांतच जाऊन बसतात, हे पाहून मुलांना जे कळते ते आमच्या पानभर लिहिण्याने कळणार नाही. ज्या वेष्टनावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकायचे नसते. डायक्लोफेनॅकच्या पट्टीवर ही रेघ असते. मेडिकलमध्ये ते चिठ्ठीशिवाय मिळते ही गोष्ट वेगळी.

कायद्याला या दोन घराण्यांतला फरक बऱ्याच अंशी कळतो. औषधविषयक नियमांतील ‘के’ अनुसूचीप्रमाणे, हजारापेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या गावात काही घरगुती औषधे विक्रीच्या परवान्याशिवायही ठेवता येतात. त्या यादीत पॅरासिटामॉल आहे, अ‍ॅस्पिरिन आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक नाहीत. आणि जी आहेत तीही मूळ, न उघडलेल्या वेष्टनातच विकायची आहेत. कात्रीने कापलेली सुटी गोळी या नियमात बसत नाही.

डायक्लोफेनॅकच्या संदर्भात विज्ञानाच्या शिक्षकांना गिधाडे आठवतील. हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे 2004 साली प्रसिद्ध झाले, आणि 2006 मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्याचा वापर थांबवला. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके हळवे नाही. त्यावरून घाबरवण्याचे कारण नाही. पण औषध कोठे मार करते याचे उदाहरण म्हणून ते वर्गात सांगण्यासारखे आहे.

याचा अर्थ दुसऱ्या घराण्याची गोळी कधीच घेऊ नये असा नाही. मुरगळलेल्या पायाची सूज, दाढेची ठणक यांवर ती पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरते. चिठ्ठीशिवाय घ्यायची तर आयबुप्रोफेन, प्रौढाने एका वेळी 200 ते 400 मिलिग्रॅम, दिवसाला 1200 च्या आत, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर आणि दोन-तीन दिवसांपुरती. घामाघूम होऊन आल्यावर आधी पाणी, थोडी विश्रांती, लघवीचा रंग फिका झाला की मग गोळी, हा क्रम ठेवावा. शेगावहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या वारकऱ्यांनाही हेच लागू पडते. त्यांच्या गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅकचा मलम हा गोळीहून बरा, कारण चोळलेल्या औषधाचा फारच थोडा भाग रक्तात जातो. गर्भारपणात, विशेषतः पाचवा महिना उलटल्यावर, या गोळ्या टाळायच्या असतात. मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची अशक्तता, जठराचा व्रण असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली 75 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन मात्र वेगळी गोष्ट आहे. हा लेख वाचून ती कोणी बंद करू नये.

राहिली शाळेतली प्रथमोपचाराची पेटी. तीत बहुधा डबीभर सुट्या गोळ्या असतात आणि त्या कोणत्या हे पेटी लावणाऱ्या शिक्षकांची बदली झाल्यावर कोणालाच सांगता येत नाही. अशी डबी काढून टाकावी. पेटीत फक्त पॅरासिटामॉल, मूळ पट्टीत, मुदतीची तारीख दिसेल अशी ठेवावी. सोळा वर्षांखालील मुलांना ताप असताना अ‍ॅस्पिरिन कदापि देऊ नये; त्यातून मेंदू व यकृताला इजा करणारा राय नावाचा दुर्मिळ पण घातक विकार होऊ शकतो. मोठ्या मुलींच्या पाळीच्या वेदना हा एक प्रश्न वारंवार येतो आणि संकोचाने दडवला जातो. या वेदना गर्भाशयातील प्रोस्टाग्लॅन्डिनांमुळेच होतात, त्यामुळे येथे आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्ल जास्त उपयोगी पडते. कोणते आणि किती हे पालकांनी डॉक्टरांना विचारून ठरवून ठेवावे, आणि मुलगी रिकाम्या पोटी शाळेत आलेली नाही ना हे बाईंनी आधी विचारावे. पालकांच्या संमतीने गोळी दिलीच तर मूळ नाव, मिलिग्रॅम आणि वेळ यांची नोंद करावी, आणि पुढची गोळी किती वाजेपर्यंत द्यायची नाही ते मुलाच्या वहीत लिहून घरी पाठवावे.